कार्डावरची बाई

नाव तिसऱ्यांदा पुकारलं तेव्हा कुठे ती उठली. ऐकू आलं नव्हतं असं नाही. पहिल्यांदा पुकारलं तेव्हाच स्वच्छ ऐकू आलं होतं, आडनावासकट, आणि तरी ती बाकावर तशीच बसून राहिली, हात पिशवीवर, नजर समोरच्या खांबावर, दुसऱ्याच कुणाला बोलावत असल्यासारखी. दुसऱ्यांदा पुकारल्यावर शेजारच्या म्हाताऱ्यानं इकडेतिकडे बघितलं, कोण ही बाई येत का नाही म्हणून, आणि तिनंही त्याच्याबरोबर इकडेतिकडे बघितलं. मग एकदम भानावर आली. अगं, तुलाच. ती उठली, पिशवीतला छत्रीचा दांडा म्हाताऱ्याच्या गुडघ्याला लागला, त्याची माफी मागत मागत ती खिडकीशी पोचली. आत बसलेला माणूस कपाळावर चष्मा चढवून, बोट ओल्या स्पंजात बुडवून कागद उलटत होता. “बाई, आपलं नाव आपल्याला आवडत नाही का?” तो म्हणाला. रागानं नाही, दिवसभर खिडकीत बसणाऱ्या माणसाला असली एखादी चिमटी लागतेच, तंबाखूसारखी.

“मुदत वाढवायची? उपचाराचं कार्ड द्या. फोटो तोच?”

“तोच.”

“पत्ता?”

“तोच.”

“लग्न?”

“नाही झालं. म्हणजे तेच.”

“सगळं तेच. मग पाच वर्षं केलं काय तुम्ही?” तो हसला आणि समोरच्या पडद्याकडे बघून वाचायला लागला. “हां, हे केलंत. गर्भाशय काढलं. तीन वर्षं झाली. बरोबर?”

“हो,” ती म्हणाली.

एवढंच. एक अक्षर. विचार करून नाही, कुणी पायावर पाय दिला की ‘आई गं’ निघावं तसं निघालं. मग त्यानं एक कागद सरकवला. यंदापासून नवीन निघालंय म्हणाला, पूर्वीचे सगळे उपचार छापून येतात, खाली सही करायची, वाचले आणि मान्य आहेत म्हणून. लोक खोटेपणा करतात ना, म्हणाला, एकाच्या कार्डावर दुसरा झोपतो. तिनं पेन हातात घेतलं. कागदावर एकच ओळ होती, तारीख, दवाखाना आणि तो शब्द. तिनं पेन खाली ठेवलं आणि म्हणाली, “चष्मा घरी राहिला हो.” चष्मा तिच्या गळ्यात दोरीला लोंबत होता. त्यानं त्या चष्म्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. आणि का कोण जाणे, कागद परत आत ओढला. “उद्या या चष्मा घेऊन. उद्या शेवटचा दिवस आहे पण. नंतर कार्ड बंद पडतं आपोआप, मग मी काय नि माझा साहेब काय, कुणी काही करू शकत नाही.”

बाहेर ऊन होतं. ती फुटपाथवर उभी राहिली आणि तिला आपल्या पोटाची इतकी जाणीव झाली की लोक बघतायत की काय असं वाटून तिनं पिशवी पुढे धरली. गेले सात महिने ते पोट तिला सुखानं बसू देत नव्हतं. महिन्यातले पंधरा दिवस रक्त जायचं, उरलेले पंधरा दिवस जाण्याची धास्ती. आठवड्यापूर्वी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासण्या करून सांगितलं होतं, गाठ आहे, मोठी आहे, पिशवीसकट काढावी लागेल, फार थांबू नका. आणि काढलं की तुकडा तपासायला पाठवू, म्हणाल्या होत्या. तपासायला कशाला? “पाठवतोच आम्ही,” असं म्हणताना त्यांनी तिच्याकडे न बघता कागदाकडे बघितलं होतं, आणि रफूच्या कामात जन्म गेलेल्या बाईला कोण कुठे बघत नाही ते बरोबर कळतं. पुढच्या गुरुवारची तारीख दिली होती. फक्त कार्ड नवं करून आणा, म्हणाल्या होत्या, मुदत संपतेय. खासगीत हे करायचं तर तिला स्वतःला विकावं लागलं असतं, आणि गाठ असलेली बाई कोण घेतो. तेव्हा कार्ड. कार्ड म्हणजे सगळं. आणि कार्डावरच्या बाईला गर्भाशयच नव्हतं. नसलेली गोष्ट पुन्हा काढायला कोण मंजुरी देणार? देवानं बायकांना डोळे दोन दिले, कान दोन दिले, पण याबाबतीत हात आखडता घेतला.

ती कामावर गेली. कपडे धुऊन इस्त्री करून देणाऱ्या दुकानाच्या मागच्या खोलीत, खिडकीला लागून तिची खुर्ची होती, बावीस वर्षं तीच खुर्ची, तीच खिडकी. त्या दिवशी एक राखाडी कोट आला होता, कुणीतरी सिगारेटनं बाहीला भोक पाडलेला. तिनं कोट उलटा केला, आतल्या शिवणीचा दुमडलेला दाब उसवला आणि तिथल्या कापडातून एक एक धागा ओढून काढायला लागली. बाहेरचा धागा चालत नाही रफूला. रंग कितीही मिळताजुळता आणा, चार धुण्यांत तो वेगळा पडतो. धागा त्याच कपड्याचा लागतो, जिथे कुणाला दिसत नाही तिथला. मग भोकावर आधी उभे धागे टाकायचे, मग आडवे, एक वर एक खाली, मूळ वीण जशी असेल तशी. झालं की गिऱ्हाईक कोट उजेडात धरतं आणि विचारतं, भोक होतं कुठे? या एका वाक्यावर ती बावीस वर्षं जगली होती. तिला शिकवणारा म्हातारा उस्ताद म्हणायचा, गिऱ्हाईकानं भोक विसरायचं असतं, आपण नाही. कारण उलट्या बाजूला ते कायम असतं, बोट फिरवलं की लागतं. ती फार मन लावून ऐकायची त्याचं. आज तिला वाटलं, आपण आयुष्यात एकच मोठं रफू स्वतःच्या अकलेनं केलं, आणि त्याच्या उलट्या बाजूवर आज त्या चष्मेवाल्यानं बोट ठेवलं.

“अगं ए, बहिरी झालीस का?” मालक दारात उभा होता. “चार हाका मारल्या.” तो पुढे राखाडी कोटाचं काहीतरी बोलला, संध्याकाळी पाहिजे वगैरे. तिनं मान हलवली. हाका ऐकल्या होत्या तिनं. हेच तर होतं. तीन वर्षांपासून तिचं नाव कुणी घेतलं की ती अर्धा क्षण थांबत होती. हे तिला त्या दवाखान्यातल्या सहा दिवसांनी लावलं होतं.

ती कल्पना तिचीच. धाकट्या बहिणीला दोष द्यायला जागा नव्हती. धाकटी तेव्हा दोष घेण्याच्याही अवस्थेत नव्हती. चौतिसाव्या वर्षी रक्त जाऊन जाऊन पांढरीफटक पडलेली, मुलीला शाळेतून आणताना रस्त्यात चक्कर येऊन पडलेली. लग्न झाल्यावर माहेरच्या कागदांतून तिचं नाव कापलं गेलं आणि सासरच्या कागदांत कुणी घातलं नाही. नवरा कामासाठी बाहेरगावी, महिन्यातून एकदा उगवणारा, आज करू उद्या करू म्हणणारा. कार्डाविना दवाखान्यात कुणी दारात उभं करेना. नवं कार्ड निघायला चार महिने, आणि डॉक्टर म्हणाले होते चार आठवडे. तेव्हा थोरलीनं आपलं कार्ड टेबलावर ठेवलं. दोघींचे चेहरे एकाच साच्यातले, तेच रुंद कपाळ, तीच डाव्या बाजूला कललेली हनुवटी. फोटो जुना, कार्डावरचा फोटो तर असा की आईनंही ओळखलं नसतं. “आजपासून तू मी,” ती म्हणाली होती. “आणि मी तू. नाव विचारलं की माझं सांगायचं. वय माझं. लग्न नाही झालेलं. मूल नाही.” धाकटी बिछान्यावर पडल्या पडल्या म्हणाली, “ताई, मला नाही जमणार गं.” तिला ताईचं नाव तोंडानं घेताच येईना. लहानपणापासून ताई, नाव घेतलं की आईची चापट पडायची. थोरलीनं सबंध दुपार तिच्याकडून घोकून घेतलं. नाव काय तुझं? नाव काय? झोपेतून उठवलं तरी तेच आलं पाहिजे. शेवटी शेवटी धाकटीला हसू यायला लागलं, मग रडू, मग दोन्ही. आणि ऑपरेशननंतर ढकलगाडीवरून बाहेर आणली, अजून भूल उतरलेली नव्हती, तेव्हा नर्सनं गालावर थापट्या मारून विचारलं, नाव काय तुमचं? धाकटीनं डोळे न उघडता थोरलीचं नाव घेतलं. स्पष्ट, जड जिभेनं, दोनदा. “व्यवस्थित आहे पेशंट,” नर्स म्हणाली. आणि थोरली भिंतीला टेकली. आनंदानं की भीतीनं ते तिला आजपर्यंत सांगता आलं नसतं. जन्मात पहिल्यांदा बहिणीनं तिचं नाव घेतलं, तेही स्वतःचं म्हणून.

पुढचे सहा दिवस ती धाकटी होती. हे मात्र तिनं कुणाला कधी सांगितलं नाही, धाकटीला तर नाहीच. वॉर्डात कुणी तिचं खरं नाव पुकारलं की तिनं हलायचं नाही, मान वळवायची नाही. ते नाव आता पलंगावरच्या बाईचं. आणि धाकटीच्या नावानं हाक आली की ‘आले’ म्हणायचं. दुसऱ्याच दिवशी ते सहज जमायला लागलं. शेजारच्या पलंगावरची बाई बोलकी होती. “ही तुमची थोरली का? लग्न नाही केलं म्हणे.” “नाही केलं,” ती म्हणाली. “आईचं आजारपण काढता काढता राहून गेलं तिचं.” “अरेरे. स्वभावानं कशी?” “तापट आहे जरा. पण मनानं चांगली.” स्वतःबद्दल असं बाहेरून बोलताना तिला गंमत वाटली, आणि मग त्या थोरलीची, त्या तापट, मनानं चांगल्या बाईची खरोखरची कीव आली, डोळ्यांत पाणी आलं, आणि शेजारीण म्हणाली, फार जीव आहे हो तुमचा बहिणीवर. “तुम्हाला मुलंबाळं?” “एक मुलगी. सहा वर्षांची.” हे वाक्य ती त्या सहा दिवसांत किती जणांना म्हणाली. आयांना, झाडूवालीला, औषधाच्या खिडकीवर, जिथे कुणी विचारलंही नव्हतं. पाचव्या दिवशी घराशेजारच्या बाईनं खऱ्या भाचीला भेटायला आणलं तर ती पोरगी ‘आई’ म्हणत पलंगाकडेच धावली. सगळा वॉर्ड बघायला लागला. थोरलीनं तिला मध्येच उचललं, छातीशी घट्ट धरलं आणि हसून म्हणाली, मावशीलासुद्धा आईच म्हणते, लाडावलीय. पोरगी रागानं हातपाय झाडत होती, तिचा बूट थोरलीच्या ओटीपोटात लागला, आणि तरी तिनं तिला लगेच सोडलं नाही. लबाडी निभावण्यासाठी जेवढं धरायला हवं होतं त्यापेक्षा जास्तच वेळ धरलं. बहिणीचं गर्भाशय बादलीत गेलं होतं आणि ती तिथे उभी राहून तिच्या मुलीची आई होत होती. याची शरम तिला नंतर वाटली. तेव्हा नुसतं सुख वाटलं होतं, हे त्याहून वाईट.

सुई बोटात घुसली. तिनं बोट तोंडात घातलं, कोटाला रक्त लागू नये म्हणून. खिडकीबाहेर समोरच्या गच्चीवर कुणीतरी गाद्या वाळत टाकत होतं. आणि आपण काय काढून दिलं होतं तेव्हा, ती विचार करत होती. पत्त्याएवढं एक कार्ड दिलं, आपला एक धागासुद्धा गेला नाही, असंच वाटलं होतं. दवाखान्यातून सुटल्यावर कागद फाडले, झालं, भोक कुठे होतं? दवाखान्यातली नोंद मात्र तिथल्या तिथे पडून राहील, तीन वर्षांनी पुढ्यात येऊन बसेल, हे डोक्यात आलंच नाही. चार लोकांना अक्कल शिकवणाऱ्या बाईचं हे असं. आणि आतलं ते, ज्याची तिला कधी आठवणसुद्धा नव्हती? बांधलं आणि कुणी राहायलाच आलं नाही असं घर. महिन्याच्या महिन्याला झाडलोट तेवढी व्हायची. त्याचं तिला कधी दुःख नव्हतं, निदान ती तसं म्हणायची. पण आज त्या माणसानं काढलंय म्हणून वाचलं, ती हो म्हणाली, आणि तेव्हापासून ते आत असं ठणकत होतं की जणू त्यानं ऐकलं होतं. आहे मी, आहे इथेच. आजारी का होईना. तिनं कोट बाजूला ठेवला आणि मालकाला न विचारता उठली. आज बावीस वर्षांत पहिल्यांदा तिनं काम अर्ध्यावर टाकलं होतं, उभे धागे टाकलेले, आडवे बाकी.

धाकटी घरी नुकतीच आली होती, शाळेचा निळा डगला अजून अंगावर. दोन वर्षांपूर्वी तिला सरकारी शाळेत सेविकेची जागा मिळाली होती. घंटा वाजवायची, फळे पुसायचे, लहान वर्गांतल्या पोरांची नाकं. तब्येत सुधारली होती, गालांवर मांस आलं होतं. नोकरी पक्की होऊन सहा महिनेसुद्धा झाले नव्हते. तिनं चहा ठेवला आणि थोरलीनं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. गाठीचं माहीत होतं धाकटीला, सहीचं नव्हतं. सांगून झालं तरी ती चहाकडेच बघत होती. मग म्हणाली, “खरं सांगितलंस तर?”

“तर विचारतील कुणाचं काढलं. सांगावं लागेल.”

“आणि मग माझी नोकरी.”

“तुझी नोकरी जाईल. कदाचित त्याहून जास्त काही होईल. मला माहीत नाही.”

आतल्या खोलीत भाची धडा मोठ्यानं वाचत होती. चहा उतू गेला. धाकटीनं तो पुसला, आणि पुसता पुसता एकदम थांबली. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं. “ताई, माझं कार्ड आहे ना आता. शाळेचं. कोरं आहे अजून.” ती वळली. “माझ्यावर तर काही झालेलंच नाही, कागदावर. माझं सगळं जागच्या जागी आहे. तू उद्या सही करून टाक. कर मान्य. तुझं कार्ड काय करायचंय? आणि गुरुवारी तू माझ्या कार्डावर झोप. आता तू मी हो. फिट्टंफाट!”

इतकं सरळ होतं ते की थोरली खाली बसली. दोन बायका, दोन गर्भाशयं, दोन कार्डं. दोन्हीकडून एकेक गेलं की कुणाचंच काही चुकत नाही. कुणी कुठल्याही बाजूनं बोट फिरवा, काही लागणार नाही. पुन्हा सहा दिवस. कुणी विचारलं तर, एक मुलगी, आता नऊ वर्षांची. तिला ते हवंसं वाटलं. इतकं हवंसं की स्वतःचीच भीती वाटली. तिनं कप उचलला, ठेवला. मग म्हणाली, “ते तुकडा तपासायला पाठवणारेत.”

“पाठवू देत.”

“तो वाईट निघाला तर?”

“असं काहीतरी अभद्र बोलू नकोस.”

“निघाला तर तुझ्या नावानं निघेल. पुढची औषधं तुझ्या नावानं. सुया तुझ्या नावानं. शाळेत कळवतील, तुमच्या बाईला असं असं झालंय. आणि मी मेले तर तू मेलीस. कागद तुझा निघेल. मेलेल्या बाईला घंटा वाजवायला ठेवतात का?”

धाकटीला आधी हसू आलं. खरंच आलं, खांदे हलले. मग तिनं डगल्याच्या खिशात हात घातले आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली. थोरलीला वाटलं ती म्हणेल, तू सांग खरं, माझी काळजी करू नकोस. ही अपेक्षा आपल्या मनात आहे हे तिला तोपर्यंत माहीत नव्हतं. ती वाट बघत बसली आणि चहावर साय धरली. आतून भाचीचा आवाज येत होता, एकच ओळ पुन्हा पुन्हा, कुठला तरी शब्द अडत होता तिला. “तिला विचार जरा काय अडलंय,” धाकटी पाठमोरीच म्हणाली. थोरली उठली, चपला घातल्या आणि घरी गेली. रागावली होती ती. पोटात दुखत होतं आणि ती बहिणीवर रागावली होती, आणि चालता चालता हेही कळत होतं की रागवायचा अधिकार तिनं स्वतःच त्या दुपारी घोकून घोकून पुसून टाकला होता. बहिणीला स्वतःचं नाव देताना तिनं विचारलं होतं का, घेतेस का म्हणून? आपलेच दात, आपलेच ओठ, आई म्हणायची. आईला हे असलं सगळं आधीच कळलेलं असायचं आणि कधी उपयोगी पडायचं नाही.

सकाळी ती पहिल्या पाचांत होती. बाक तोच, कालचा म्हातारा नव्हता, त्याच्या जागी एक बाई मांडीवर फायली घेऊन बसलेली. रात्रभर थोरलीनं दोन वाक्यं तयार केली होती. काढलेलं नाही. आणि, मी कार्ड दिलं होतं, कुणाला ते सांगणार नाही. काय करतील? कार्ड काढून घेतील. दंड करतील, कोंडतील. मग गाठीचं काय, तर गाठीचं काही नाही, ती आपली वाढत राहील आत, तिला काय कार्डाशी देणंघेणं. पण निदान जिथे आहे तिथे आहे म्हणून राहील. हा काही मोठा शहाणपणाचा विचार नव्हता, तिला समजत होतं. डॉक्टरीणबाईंनी तो ऐकला असता तर कपाळावर हात मारला असता. सही केली तर धाकटी वाचत होती आणि कदाचित तीही. वाचेल ती कोण असेल, एवढंच काय ते गणित सुटत नव्हतं. छताचा पंखा एका फेरीत एकदा कुरकुरत होता आणि ती त्या कुरकुरीची वाट बघत होती.

नाव पुकारलं. पहिल्याच हाकेला ती उठली. इतक्या झटक्यात की छत्री खाली पडली. तिनं ती उचललीसुद्धा नाही.

“आणला का चष्मा?” खिडकीवाला म्हणाला. कालचाच कागद त्यानं सरकवला, कालचंच पेन.

“काढलेलं नाही,” ती म्हणाली.

“काय?”

“हे. लिहिलंय ते. माझ्यातच आहे ते अजून. दुखतं रोज.” आवाज तिला वाटला होता त्याहून मोठा निघाला. मागची बाई फायलींवरून बघायला लागली. तिनं पिशवीतून डॉक्टरीणबाईंचा कागद काढून काचेखालून सरकवला. “यात फोटो आहे आतला. गाठ दिसते. पिशवीही दिसते.”

खिडकीवाल्यानं चष्मा कपाळावरून खाली ओढला, नाकावर बसवला. दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. बराच वेळ वाचत राहिला. चेष्टेचं काही सुचलं नाही त्याला, आणि ते बघून तिला पहिल्यांदा खरी भीती वाटली. “बाई,” तो हळू म्हणाला, “मग हे कुणाचं काढलं?”

“मी कार्ड दिलं होतं. कुणाला ते सां…”

“माझं,” मागून आवाज आला.

धाकटी धापा टाकत होती. निळा डगला अंगावर, बोटांना खडूची पूड, हातात थोरलीची पडलेली छत्री. थोरलीच्या डोक्यात तिडीक गेली. आत काहीतरी मोकळं मोकळं होत होतं, सात महिन्यांत झालं नव्हतं असं, आणि तोंडातून मात्र निघालं ते असं: “तुला कुणी बोलावलं होतं इथे? शाळा सोडून आलीस? घंटा कोण वाजवतंय तिथे?”

“हेडबाई वाजवतायत.”

“सांगून आलीस त्यांना?”

“सगळं सांगून आले.”

“अगं मूर्ख, मी नाव घेणार नव्हते तुझं! सगळं ठरवून आले होते मी!”

“तेच तर,” धाकटी म्हणाली. “रात्रभर तेच आलं डोक्यात. तू नाव घेणारच नाहीस. तुझं सगळं तूच ठरवतेस, आणि माझंही. तेव्हाही असंच.” तिनं छत्री थोरलीच्या हातात कोंबली. “माझं काढलेलं माझं आहे, ताई. तेवढं तरी माझ्या नावावर राहू दे.”

“बायांनो, भांडण बाहेर,” खिडकीवाला म्हणाला, पण त्यानं त्यांना बाहेर जायला सांगितलं नाही. उठला, मागच्या कपाटातून एक लांब, पिवळा पडलेला फॉर्म शोधून आणला, त्यावरची धूळ फुंकली. हा फॉर्म वर जातो, म्हणाला, साहेबांकडे. वरचे काय करतील ते मी सांगू शकत नाही. नोकरीवाल्याचं तर मुळीच सांगू शकत नाही. गाठीचा कागद मात्र मी तातडीचा म्हणून वर लावतो, तेवढं माझ्या हातात आहे. त्यानं बोट स्पंजात बुडवलं, सवयीनं, उलटायला काही नसताना. मग पेन उघडून धाकटीकडे बघितलं.

“बोला. नाव काय तुमचं?”

धाकटी खिडकीशी आली. काचेला हात टेकला, खडूचे पाच ठसे उमटले. तीन वर्षांपूर्वी दवाखान्यात, असल्याच खिडक्यांपुढे, तिला हे अनेकदा विचारलं गेलं होतं, आणि उत्तर एकच होतं, दुपारभर घोकलेलं, भुलीतूनही न हललेलं. तिनं तोंड उघडलं आणि थोरलीचं नाव सांगितलं.

पेन कागदावर टेकलं.

“ते नाही,” थोरली म्हणाली. तिनं काचेवरचा बहिणीचा हात आपल्या हातात घेतला. “ते माझं आहे.”